नाशिक फाट्याला उतरले

चाकणच्या पेठेत आमचं घर अगदी रस्त्याला लागून होतं. पुढच्या खोलीत अण्णांचं शिलाईचं मशीन, मागं माजघर, त्याच्या मागं चूल आणि परसात न्हाणीचा दगड, एवढाच पसारा. अण्णा शिंपी होते. उजाडता उजाडता मशीन सुरू व्हायचं ते दिवेलागणीला थांबायचं. मधे ते थांबलं की आम्हाला कळायचं, अण्णा जेवायला उठले. शनिवारी बाजार असायचा. आदल्या दिवसापासून कांद्याच्या बैलगाड्या दारावरून जात आणि तो वास शिवायला आलेल्या कापडांतसुद्धा शिरायचा. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक ओट्यावर बसूनच सदरा शिवून घ्यायचं, त्यामुळे घरात कुणाचं जेवण वेळेवर होत नसे. आई हुलग्याचे शेंगोळे करून पातेलं चुलीच्या कडेला ठेवून द्यायची. ज्याला जसं जमेल तसं त्यानं वाढून घ्यायचं. गार झालेल्या शेंगोळ्यांवर लसणाचं तिखट आणि तेलाची धार घेऊन एका हातानं खायचं आणि दुसऱ्या हातानं सदऱ्याच्या गुंड्या चाचपायच्या, हे मी फार लहानपणी शिकले. काजं करणं, हूक लावणं, तुरपाई, ही सगळी माझी कामं. संध्याकाळी उजेड कमी झाला की अण्णा हाक मारायचे, "इंदे, दोरा ओव गं." माझी नजर घरात सगळ्यांत चांगली होती. पुढं त्या नजरेनंच मला घराबाहेर काढलं.

मी सातवीची फायनल पास झाले आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. पहिलंच स्थळ आलं खेडचं. राजगुरुनगर हे नाव सरकारी पाटीवर आलं असलं तरी आमच्याकडची माणसं खेडच म्हणायची. माणूस कापडदुकानदार, बायको वारलेली, पदरात दोन मुलं. बघायला आलेल्यांत त्याचे काका होते, मोठे बोलके. पोहे खाऊन झाल्यावर ते रीत म्हणून मला म्हणाले, "मुली, तुला काही विचारायचं असेल तर विचार हो." हे वाक्य उत्तरासाठी नसतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी विचारलं म्हणून मी विचारलं, "पहिली कशानं गेली?" पुढच्या खोलीत मशीन बंद होतं, त्यामुळे तो प्रश्न आतल्या चुलीपर्यंत ऐकू गेला. आईच्या हातातली कपबशी वाजली. काका उठले, मागोमाग सगळे उठले. दुकानदार मात्र जाता जाता दारात थबकला आणि खाली बघत म्हणाला, "बाळंतपणात." बिचारा. त्याच्यावर माझा राग नव्हता. पण मी विचारायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्या प्रश्नानं माझी कीर्ती पेठेत झाली. पोरगी तोंडाळ आहे, सातवी शिकून शिंगं फुटली आहेत, असं लोक अण्णांना ऐकवू लागले. मग घरात ठरलं की हिला काही दिवस शहरात धाडावं, म्हणजे लोक विसरतील आणि हिलाही वळण लागेल. शहरं दोन होती. मुंबईला माझा थोरला भाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. गिरगावात एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात तो कापड बेतायचा. पुण्याला आत्या होती. दोघांनीही मोठ्या मनानं सांगितलं, पाठवा तिला आमच्याकडं. अण्णांनी मला दोन्हीकडं थोडे थोडे दिवस धाडलं आणि म्हणाले, "बघून ये. जिथं बरं वाटंल तिथं ऱ्हा." त्या काळी आमच्या घरात मुलीला असं विचारणं म्हणजे लाडच होता. अण्णांचं ते मोठेपण मी नाकारत नाही.

मुंबईत दादाची एकच खोली होती आणि वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. मी पोचले तशी तिनं कंबरेवर हात ठेवून मोठा सुस्कारा सोडला आणि धाकट्याला माझ्या कडेवर दिलं. तो मग मी परत निघेपर्यंत तिथंच होता. नळाला पाणी पहाटे यायचं. मी रांगेत उभी राहायची, भरायची, धुवायची, रांधायची. वहिनी वाईट नव्हती, थकलेली होती. दादा घरी आला की शेजाऱ्यांना सांगायचा, "बहीण आली आहे, आता काळजी नाही." एकदा त्यानं आम्हाला चौपाटीवर नेलं. समुद्र बघून मी हरखले, पण कडेवरचा पोरगा वाळू खायला लागला आणि मला त्याच्या तोंडातून ती काढत बसावं लागलं. येताना दादा म्हणाला, "मुंबई आवडली ना?" मी म्हटलं, "बघितली कुठं?" त्याला ती थट्टा वाटली.

पुण्याला आत्याच्या घरी काम फार नव्हतं, नियम होते. उंबऱ्यात उभं राहायचं नाही. खिडकीत केस विंचरायचे नाहीत. हाय, न्हाई म्हणायचं नाही, आहे, नाही म्हणायचं. जेवताना आमटी भुरकायची नाही. आत्या मूळची चाकणचीच, पण पुण्यात राहून तिनं भाषा घासून लख्ख केली होती. ती मला शिवणाच्या शाळेत घालणार होती. मी मनात म्हटलं, शिंप्याच्या पोरीला शिवण शिकवणार! खरी गोष्ट चौथ्या की पाचव्या दिवशी कळली. तिच्या दिराचा मुलगा रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा आणि आत्याकडं बघून मान हलवायचा. चहा चांगला झाला होता की मी चांगली होते, हे मला समजेना. पण दोन्ही शहरांतून परत आल्यावर एक गोष्ट मला स्वच्छ समजली होती. मुंबई म्हणजे दादाचं घर आणि पुणं म्हणजे आत्याचं घर. शहर मला कुणी दाखवलंच नव्हतं.

तिसरं नाव काढलं ते माझ्या मैत्रिणीनं. पोस्टातल्या मास्तरांची सुमन माझ्याबरोबर सातवीला होती. तिची एक मावसबहीण पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागली होती. सुमन म्हणाली, "मुली घेतायत गं. सातवी पास पाहिजे, हात स्वच्छ पाहिजेत आणि नजर चांगली पाहिजे." मी विचारलं, "पिंपरीत तुझं कोण असतं?" ती म्हणाली, "कुणी नाही." मला तो शब्द इतका आवडला की मी घरी येईपर्यंत तोच घोळवत राहिले. कुणी नाही.

आज जी पिंपरी लोक बघतात ती डोळ्यांसमोरून काढून टाका. पिंपरी-चिंचवड हे जोडनाव तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं. पिंपरी गाव वेगळं, चिंचवड वेगळं, मधे माळ, बाभळी आणि मुंबईचा डांबरी रस्ता. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची छावणी होती आणि माळावर कारखान्याच्या नव्या भिंती. त्याला शहर कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. मी म्हणाले आणि लोक हसलेच.

दिवाळीला दादा आला होता. पाडव्याच्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना त्यानं विषय काढला. "काय इंदू, मुंबई की पुणं?"

मी वाढत होते. म्हटलं, "पिंपरी."

दादा हसायला लागला. "पिंपरीत काय आहे? बाभळी मोजायच्या का?"

"कारखाना आहे. मुलींना काम देतात."

अण्णांचा हात ताटातच थांबला. "तिथं आपलं कोन हाय?"

"कुणी न्हाई अण्णा. म्हनूनच."

"म्हनूनच म्हंजे?"

"म्हंजे तिथं मी कुणाची बहीण न्हाई, कुणाची भाची न्हाई. सकाळी उठून कामाला जाईन, माझ्या हातानं माझं खाईन."

आई चुलीपाशी होती. तिनं पळी पातेल्यावर आपटली. "लाज न्हाई वाटत बापाम्होरं बोलायला?"

दादा आता हसत नव्हता. त्यानं मुंबईत शिकलेल्या धीम्या आवाजात सांगितलं, "इंदू, दोन शहरं आहेत. दोन्हीकडं तुला सोन्यासारखं ठेवतील. त्यातलं एक निवड."

"निवड म्हणतोस, आणि दोनच देतोस," मी म्हटलं. "बाजारात भाजी घेताना तरी तू असं ऐकून घेशील का?"

त्या दिवशी जेवण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी निकाल दिला, पुण्याला आत्याकडं जायचं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "गाडीत बसवा, बसते. पन मी नाशिक फाट्याला उतरनार." दादा मुंबईला परतला त्या दिवशी त्यालाही सांगितलं. माझी वळकटी बांधताना आईलाही सांगितलं. म्हणजे मी तीन जणांना तीन वेळा सांगितलं होतं. पुढं माझ्याबद्दल बोललं गेलं की इंदूनं घरच्यांना फसवलं. ही गोष्ट लिहून ठेवायला बसले त्याचं एक कारण हेही आहे. मी कुणालाही फसवलं नाही. मुलगी बोलते तसं करील, हे कुणाला खरं वाटलं नाही, त्याला मी काय करू?

चाकणहून पुण्याला जाणारी एसटी मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडून, भोसरीवरून नाशिक फाट्याला येते आणि तिथं मुंबईच्या रस्त्याला मिळते. गाडीचे कंडक्टर शेखभाऊ आमच्या ओळखीचे. त्यांची खाकी पँट अण्णाच शिवायचे. अण्णांनी मला त्यांच्या हवाली केलं, पुण्याचं तिकीट काढलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. भोसरी मागं पडली तशी मी वळकटी मांडीवर घेतली. फाटा आला आणि उभी राहिले.

शेखभाऊ म्हणाले, "ताई, बसा. तुमचं तिकीट पुण्याचं हाय."

"पुण्याचं आहे ना? मग अलीकडं उतरायला चालतं."

"अण्णा काय म्हनतील मला?"

"त्यांना सांगा, इंदू नाशिक फाट्याला उतरली. सांगितल्याप्रमाणे."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. घंटीची दोरी ओढायला उचललेला हात खाली घेतला, वळकटी स्वतः खाली उतरवून दिली आणि म्हणाले, "या रस्त्यानं सरळ चाला. मोटारींपासून संभाळून." गाडी धूळ उडवत पुण्याकडं गेली. मी मुंबईच्या बाजूला तोंड केलं. आज त्या फाट्यावर एकावर एक असे दोन पूल आहेत, वरून मेट्रो जाते आणि भाचीच्या गाडीतून ताथवड्याला जाताना ती जागा नेमकी कुठली, हे मला ओळखू येत नाही. तेव्हा तिथं एक बाभूळ होती आणि बाभळीखाली मी. वळकटी खांद्यावर टाकली आणि चालायला लागले.

कारखान्याच्या फाटकावर माझ्यासारख्या आणखी काही मुली होत्या, बहुतेक बापाबरोबर किंवा भावाबरोबर आलेल्या. आत एका बाईंनी आमचे हात उलटसुलट करून बघितले. मग औषधाच्या छोट्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, त्या एकेक करून उजेडासमोर धरायच्या आणि आत कण, केस, धागा काही दिसतो का ते सांगायचं. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचं काज करत वाढलेली मी. मला ते अवघड गेलं नाही. बाईंनी विचारलं, "बरोबर कोण आलंय?" मी म्हटलं, "मीच आले आहे." त्या किंचित हसल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

काम मिळालं, आता छप्पर हवं होतं. पिंपरी गावात एका घराशी गेले. दारातल्या म्हातारीनं विचारलं, "नवरा कुठं हाय?" म्हटलं, लग्न झालं नाही. "मंग बाप?" चाकणला. "मंग तू हितं कशापायी?" मी सांगायला लागले, तोवर दार लागलं होतं. चिंचवडच्या बाजूला एका गृहस्थांनी फार अदबीनं सांगितलं की आम्ही खोली कुटुंबाला देतो, एकट्या बाईला नाही. मी म्हटलं, एकट्या बाईनं मग राहायचं कुठं? ते म्हणाले, "घरी." ऊन उतरायला लागलं होतं. वळकटी खांद्यावरून काखेत आणि काखेतून डोक्यावर आली होती. मी परत पिंपरीकडं वळले आणि छावणीतून चालायला लागले. लांबच लांब बराकी, मधे गोणपाटाचे पडदे, आणि बाहेर बाजांवर पापड वाळत घातलेले. हवेत मिरे आणि हिंगाचा वास.

"ए लडकी! धीरे चल! पापड पर धूल उडती है!"

ओरडणारी बाई पस्तिशी-चाळिशीची असावी. उंच, गोरी, पांढऱ्या ओढणीची, हाताला कोपरापर्यंत पीठ. मी जागच्या जागी थांबले आणि मोडक्या हिंदीत विचारलं, इथं राहायला जागा मिळेल का. तिनं माझी वळकटी बघितली, पाय बघितले, मग विचारलं, "किसने भेजा तुझे यहाँ?"

"कुणी नाही. मी माझी आले. मुंबई नको म्हटलं, पुणं नको म्हटलं. पिंपरी पसंत केली."

"पसंत की? पिंपरी?" तिनं पिठाचा हात तोंडावर घेतला आणि हसत सुटली. आजूबाजूच्या बाजांवरच्या बायकांना तिनं सिंधीत काहीतरी सांगितलं, त्याही हसायला लागल्या. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. ओढणीनं डोळे पुसून ती म्हणाली, "बेटी, हम इतने लोग हैं यहाँ. किसी से किसी ने पूछा नहीं था. तू पहली है जो चुन के आई." मग गोणपाटाचा पडदा बाजूला करून तिनं मला आत घेतलं.

तिचं नाव पार्वती. सगळे तिला दादी म्हणायचे. सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात, हे कळेपर्यंत मला वाटायचं, एवढ्या तरुण बाईला हे लोक आजी का म्हणतात! नवरा तिकडून येताना वाटेत वारला होता. मूलबाळ नव्हतं. पापड लाटून ती पोट भरायची. मी कामाला जायची आणि परत आल्यावर तिच्याबरोबर पापड लाटायची, हेच माझं भाडं. आमच्यात भाषा म्हणाल तर तिची अर्धी, माझी अर्धी. ती सकाळी कोकी करायची, कांदा-मिरची घातलेली जाड दशमीच म्हणा ना. ती डब्यात घेऊन मी शिफ्टला जायची. पांढरा डगला, डोक्याला रुमाल, समोर दिव्याचा उजेड आणि हातातून जाणाऱ्या बाटल्या. कुणी मला इंदे म्हणत नसे. मला इंदूबाई म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं.

शेखभाऊंकडून मी घरी निरोप धाडला होता की मी छावणीत पापडवाल्या पार्वतीबाईंकडं आहे, खुशाल आहे. मला लपायचं नव्हतं. पुढच्याच रविवारी अण्णा आणि दादा आले. दादा त्यासाठी मुंबईहून आला होता. मी बाहेर बाजेपाशी पापड लाटत बसले होते. दादानं आजूबाजूला बघितलं, गोणपाटाकडं बघितलं, आणि म्हणाला, "उठ. सामान घे."

"कशाला?"

"कशाला विचारतेस? कुणाच्या घरात राहतेस? कोण ही माणसं, कुठली? आपल्यात कुणी असं केलं नाही आजवर."

"मग मी करते आहे."

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, दादा? चाकणचे? ते चाकणला आहेत. इथले लोक मला शिफ्ट कुठली ते विचारतात, बाकी काही विचारत नाहीत."

त्यानं माझं मनगट धरलं आणि मला उठवायला लागला. मी उठले नाही. हाताला पीठ होतं, मनगट निसटलं, त्यानं पुन्हा धरलं. बाजांवरच्या सगळ्या बायकांची लाटणी थांबली. दादी आतून आली. आवाज न चढवता म्हणाली, "हाथ छोडो. बात करो."

"तुमचा काय संबंध?" दादा म्हणाला. "तुम्ही निर्वासित माणसं. घरदार म्हणजे काय ते तुम्हाला काय माहीत?"

मराठी तिला सगळं कळत नव्हतं, पण हे कळलं. ती म्हणाली, "हमको हमारे शहर से निकाला गया, भाई. ये अपने पाँव से आई है. तुम इसको निकालने आए हो. फर्क समझो."

दादानं हात सोडला. अण्णा इतका वेळ रस्त्याच्या कडेला उभे होते. ते पुढं आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू म्हणाले, "इंदे, आज आलीस तर झालं गेलं. मी कुनाला बोलू द्यायचो न्हाई तुला. न्हाई आलीस, तर चाकनची वाट बंद झाली म्हनून समज."

"मग बंद," मी म्हणाले.

हा शब्द इतका चटकन गेला की अण्णांनी पापणीही लववली नव्हती. त्यानंतर मला कितीदा तरी लोकांनी विचारलं, थोडं सबुरीनं घ्यायचं होतंस, बाप होता. खरं आहे, बाप होता. पाठमोरे होऊन ते नाशिक फाट्याकडं चालायला लागले, धोतराचा सोगा एका हातात, आणि एकदाही वळले नाहीत. ते चालणं आठवलं की आजही आत तुटतं. पण शब्द? तो मी पुन्हा तसाच उच्चारीन. आज गेले असते तर उद्या पुन्हा उतरावं लागलं असतं, आणि दुसऱ्यांदा उतरायचं बळ माणसाला असतंच असं नाही.

ते दिसेनासे झाल्यावर मी परत लाटायला बसले. पापड कुठं जाड, कुठं पातळ, कुठं फाटलेले. दादीनं ते मोडले नाहीत. एका बाजूला काढून ठेवले आणि म्हणाली, "ये बेचेंगे नहीं. ये हम खाएँगे."

दिवाळीनंतरची थंडी सरली, शिमगा जवळ आला. चाकणहून कुणी आलं नाही. एका सकाळी माझी दुपारची शिफ्ट होती म्हणून मी केस धुऊन बाहेर वाळवत बसले होते, तर रस्त्यानं डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई येताना दिसली. चाल ओळखीची वाटली. आई! तिनं आयुष्यात कधी एकटीनं एसटीचा प्रवास केला नव्हता. चाकणच्या वेशीबाहेर जायचं तरी कुणीतरी बरोबर लागायचं. ती आली, बोचकं उतरवलं, माझ्या ओल्या केसांना हात लावला आणि म्हणाली, "सर्दी व्हईल."

मी विचारलं, "अण्णांनी येऊ दिलं?"

"त्येंनी तुला येऊ नको म्हनलं," आई म्हणाली. "मला जाऊ नको म्हनलं न्हाई कुनी."

मी आईला आयुष्यभर बघितलं होतं आणि तरी त्या दिवशी मला ती पहिल्यांदा भेटली असं वाटलं. दादीनं तिला बाजेवर बसवलं, पुढ्यात कोकी ठेवली. आईनं ताटाकडं बघितलं, दादीच्या हाताकडं बघितलं. परक्याच्या हातचं ती कधी खात नसे. मग तुकडा मोडून वास घेतला आणि विचारलं, "कांदा कुठला?" दादी म्हणाली, "चाकण का." आईनं घास तोंडात टाकला, चावला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." दादीनं मीठ आणून दिलं. झालं. त्या दोघींचं पुढं जे जुळलं त्यात मला फारसा वाव उरला नाही.

ती दोन दिवस राहिली. अण्णांचा राग उतरायला आणखी वर्ष गेलं, मग त्यांनीच शेखभाऊंकडून निरोप धाडला की जत्रेला ये. मी गेले. वाट बंद झाल्याची गोष्ट दोघांनीही काढली नाही. दादाचा थोरला पुढं माझ्याच खोलीवर राहून याच पट्ट्यात कामाला लागला. लग्न मी केलं, उशिरानं आणि माझ्या मर्जीनं. हे सगळं झालं. पण मला सांगायचं आहे ते आईला गाडीवर पोचवायला निघाले तेव्हाचं.

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेनं चालत होतो. मी सहज विचारलं, "आई, तुला जर कुणी विचारलं असतं, कुठल्या गावी राहायचं, तर तू कुठलं म्हणाली असतीस?"

"मला कोन इचारतंय?"

"मी विचारते आहे."

ती पदर सावरत पुढं चालत राहिली. मला वाटलं, विषय संपला. बरंच चालल्यावर ती म्हणाली, "मिरज."

"मिरज? मिरजेला आपलं कोण आहे?"

"कुनी न्हाई," आई म्हणाली, आणि माझ्याकडं तिरपं बघून हसली. "लगीन व्हायच्या आदी एक बाबा यायचा आमच्या गावाला, एकतारी घिऊन. त्यो म्हनायचा, मिरजंला भोपळ्याचे तंबोरे करत्यात. आख्खी आळी तारा लावत बसलेली असती. भोपळा वाजतोय कसा, ते बघायचं हुतं."

पुढच्या हिवाळ्यात मला सुट्टी मिळाली तेव्हा मी तिला म्हटलं, चल, आपण दोघी मिरजेला जाऊ. ती म्हणाली, "तू कशाला? तू पिंपरीला कुनाला घिऊन गेली हुतीस?" मी पुण्याला जाऊन तिला मिरजेच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसवलं. अण्णांना तिनं काय सांगितलं, ते मला आजतागायत माहीत नाही. परत आली ती हातात काही न घेता, मोकळी. मी स्टेशनावरच विचारलं, "काय केलंस गं तिथं?"

"एका म्हाताऱ्याच्या दुकानात बसले. त्यो तारा लावीत हुता, मी ऐकत हुते."

"आणि?"

"आनि काय? दिवसभर बसले," आई म्हणाली. "सैपाकाची येळ झाली, ऊठ, असं कुनी म्हनलं न्हाई."